तिसऱ्या प्लगचं म्हणणं

बालमित्रांनो, घरातल्या दुचाकीचा स्पार्क प्लग कधी हातात घेऊन पाहिलाय का? बोटभर लांबीची वस्तू. वर धातूची टोपी, मध्ये चिनी मातीचा पांढराशुभ्र भाग, खाली आटे आणि अगदी टोकाला वाकवलेली एक चिमुकली पट्टी. इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं गेलं, की या पट्टीपाशी ठिणगी पडते. भडका उडतो, पिस्टन खाली ढकलला जातो आणि गाडी पळते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका प्लगला सेकंदाला किती ठिणग्या पाडाव्या लागतील? करा बरं गणित! ३००० भागिले २, भागिले ६०. म्हणजे २५. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत त्याच्या पाच-सात ठिणग्या पाडून झालेल्या असतात.

जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड नावाचे अभियंते होते. त्यांनी १९०२ साली जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. त्यानंतर गाड्या कितीतरी बदलल्या, पण प्लगचं मूळ काम तेच राहिलं.

या प्लगची माझी ओळख लहानपणीच झाली. सोलापुरात माझ्या मामांचं गॅरेज आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजोळी गेले, की दुपारी सगळे झोपायचे आणि मी गॅरेजच्या पत्र्याखाली जाऊन बसायचे. तेव्हा दोन स्ट्रोकच्या गाड्या खूप असायच्या. लूना, राजदूत, जुन्या स्कूटर. त्यांच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागे, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची. मामा प्लगपाना लावून प्लग काढायचे आणि पॉलिश पेपरसकट माझ्या हातात द्यायचे. पण घासायच्या आधी एक प्रश्न ठरलेला असे.

“घासू नको लगेच. आधी तोंड बघ त्याचं. काय म्हणतोय?”

आणि मग मामांची शिकवणी सुरू. चिनी मातीचं टोक बदामी रंगाचं असेल, तर इंजिनाची तब्येत ठणठणीत. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखं काळं असेल, तर पेट्रोल जास्त, हवा कमी. ओलं, तेलकट असेल, तर ऑइल नको तिथं शिरतंय. आणि पांढरंफटक, भाजल्यासारखं असेल, तर पेट्रोल कमी पडतंय, आत नको इतकं तापतंय. प्लगचं टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहावं लागतं. त्याहून थंड राहिलं तर काजळी जळत नाही. त्याहून तापलं तर ठिणगी पडायच्या आतच पेट्रोल पेट घेतं. पुढं डी.एड. करताना आम्हाला निरीक्षण हा धडा होता. मला तो अवघड गेला नाही, याचं श्रेय त्या काळ्या-पांढऱ्या प्लगांना!

आता मुख्य गोष्ट सांगते. मामांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, डिप्लोमा करून आला आणि त्याला शर्यतींचं वेड लागलं. रस्त्यावरच्या नव्हे हं! ड्रॅग शर्यत म्हणून एक प्रकार असतो. सरळ धावपट्टी, दोन गाड्या आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर. पुणे जिल्ह्यातल्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. भावानं एक जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी घेतली आणि तिला नायट्रस बसवायचं ठरवलं.

नायट्रस! हा शब्द ऐकला की माझ्या वर्गातल्या मुलांचे डोळेसुद्धा लकाकतात. सिनेमात बटण दाबलं की गाडी सुसाट सुटते, तेच ते. पण तो काही जादूचा वायू नाही. नायट्रस ऑक्साइड जोसेफ प्रिस्टली यांनी १७७२ साली शोधून काढला. हंफ्री डेव्ही यांनी तो स्वतः हुंगून पाहिला आणि त्याला ‘हसवणारा वायू’ म्हटलं. १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्यानं दात काढताना भूल द्यायला तो वापरला. आजही इस्पितळात तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. (आपण मात्र तो गंमत म्हणून हुंगायचा नाही. त्यानं मज्जातंतूंना इजा होते.) दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो विमानांच्या इंजिनात वापरला, कारण उंचावर हवा विरळ असते आणि इंजिनाला प्राणवायू पुरत नाही.

इथंच सगळं गुपित आहे. नायट्रस स्वतः जळत नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेत वजनानं सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. इंजिनात शिरल्यावर सुमारे ३०० अंशांच्या पुढे त्याची फोड होते आणि प्राणवायू मोकळा होतो. प्राणवायू जास्त, म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. जास्त पेट्रोल, म्हणजे जास्त ताकद. पण ते जादाचं पेट्रोल मिळालं नाही तर? आपल्या भट्टीत भात्यानं जोरात वारा घातला, की लोखंडसुद्धा पांढरंलाल होतं ना? तसंच. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोण्यासारखा वितळतो.

म्हणून भावानं गाडीत मीटर बसवले. एक नायट्रसच्या बाटलीतला दाब दाखवणारा. दुसरा पेट्रोलचा दाब दाखवणारा. तिसरा सगळ्यात महागडा. तो जळून गेलेल्या धुरात उरलेल्या प्राणवायूवरून सांगतो, की एक भाग पेट्रोलमागे किती भाग हवा पडली. एरवी तो आकडा १४.७ च्या आसपास असतो. पूर्ण जोरात, नायट्रस सोडलेला असताना तो ११.५ ते १२ च्या दरम्यान असावा, म्हणजे पेट्रोल थोडं जास्तच असावं, असं भावानं ठरवलं होतं.

मामा ते काटे बघून हसायचे. “एवढी घड्याळं लावून काय करायलास? प्लग सांगतोय की सगळं.”

भावाचं उत्तरही तयार असायचं. “अण्णा, प्लग झाल्यावर सांगतो. मीटर होण्याआधी सांगतं.”

आणि एका दुपारी त्याचं खरं ठरलं. मे महिना होता. सोलापूरचा मे तुम्हाला माहीत आहे! पारा त्रेचाळीसवर. भाऊ गाडीपाशी गेला आणि त्यानं बाटलीचा काटा पाहिला. सकाळी नऊशेच्या आसपास असलेला काटा अकराशेच्या पुढे गेला होता. चौरस इंचाला अकराशे पौंड! आपल्या मोटारीच्या चाकात तीसच्या आसपास असतो. नायट्रस बाटलीत द्रवरूपात असतो. पण ३६.४ अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही, कितीही दाबला तरी. बाटली तापली की दाब झपाट्यानं चढतो. दाब चढला की तेवढ्याच भोकातून जास्त नायट्रस जातो, पेट्रोल मात्र ठरवलं तेवढंच. मग काय होणार ते आता तुम्हीच सांगू शकाल. थंड देशांत या बाटलीला गरम करायची सोय करावी लागते. वीस अंशांना तिच्यात सातशे-साडेसातशेचाच दाब असतो. आपल्याकडं उलटी तऱ्हा! मामांनी काही न बोलता एक पोतं भिजवून आणलं आणि माठाला गुंडाळतात तसं बाटलीला गुंडाळलं. अर्ध्या तासानं काटा खाली आला. त्या दिवसापासून मामा गाडीला हात लावायच्या आधी तो काटा बघू लागले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो. गाडी टेम्पोवर चढवली होती. सुट्टीच असल्यानं मीही सोबत होते. पुण्यात डायनो भाड्यानं मिळतो. त्यावर गाडी जागच्या जागी उभी असते, चाकं मोठ्या रुळांवर फिरतात आणि यंत्र ताकद मोजतं. रस्त्यावर असले प्रयोग करायचे नसतात. गाडी बनवणाऱ्यानं दिलेल्या रचनेत मनमानी बदल करून ती रस्त्यावर आणायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. समोरून येणाऱ्यानं आपल्या प्रयोगात भाग घ्यायचं कबूल केलेलं नसतं.

भाडं तासावर होतं. मामांनी आधी चारही प्लग कोरे करकरीत, जरा जास्त थंड राहणाऱ्या जातीचे बसवले. भाऊ आत बसला. इंजिन गरजायला लागलं. त्यानं बटण दाबलं आणि पत्र्याची शेड थरथरली. काही सेकंदांचाच खेळ. संपल्यावर भाऊ इंजिन नुसतंच चालू ठेवून थंड करणार, तेवढ्यात मामा ओरडले, “बंद कर! आत्ताच्या आत्ता!”

याचंही कारण आहे. इंजिन मंद चालू राहिलं, की प्लगवर काजळीचा थर बसतो आणि आधीचं सगळं झाकलं जातं. फळ्यावरचं गणित तपासायच्या आधीच पुसण्यातला प्रकार. पूर्ण जोरात काय घडलं ते वाचायचं, तर त्याच क्षणी इंजिन थांबवावं लागतं.

भाऊ खूश होऊन बाहेर आला. “अण्णा, मीटर बघा. अकरा पॉइंट आठ! बाटली नऊशे तीस. पेट्रोलचा काटा हललासुद्धा नाही. आता मोठं जेट टाकतो.” मोठं जेट म्हणजे नायट्रसचं भोक मोठं, ताकद आणखी जास्त.

“थांब. मला चौघांची तोंडं बघू दे.”

“अण्णा, तासाचं भाडं चाललंय! इंजिन निवायला वीस मिनिटं जातील. आता प्लग कोण बघतं?”

“मी बघतो,” मामा म्हणाले आणि बोनेटपाशी स्टूल ओढून बसले.

ती वीस मिनिटं फार लांब होती. भाऊ शेडच्या दारात पाठ करून उभा होता. त्यानं शर्यतीची फी भरली होती, दोन वर्षांचे साठवलेले पैसे गाडीत घातले होते. डायनोवाला घड्याळ बघत होता. मामा मात्र हलले नाहीत.

प्लग निघाले. मामांनी ते एका फडक्यावर क्रमानं मांडले. एक, दोन, तीन, चार. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, तेव्हा प्लगवर रंग लगेच चढायचा. २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि एका फेरीचा रंग आता इतका फिका असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यात मामांची नजर वयामानानं कमी झालेली. माझ्या पर्समध्ये वर्गातलं भिंग होतं, मुलांना मुंग्या दाखवायला घेतलेलं. ते मी दिलं. मामांनी मोबाइलचा दिवा धरायला लावला आणि एकेक प्लग भिंगाखाली फिरवला.

पहिला, दुसरा आणि चौथा भावंडांसारखे सारखे. चिनी मातीच्या मुळाशी फिकट तपकिरी कडं. तिसरा मात्र पांढराफटक. आणि त्या पांढऱ्यावर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक ठिपके. त्यातले दोन-तीन चमकत होते.

“ये. बघ,” मामांनी भावाला हाक मारली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

भावानं भिंगातून पाहिलं. ते चमकणारे कण ॲल्युमिनियमचे होते. पिस्टनचे. तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल कमी पडत होतं, मिश्रण नको तेव्हा धडाक्यानं पेटत होतं आणि पिस्टनचा पृष्ठभाग कणाकणानं उडायला लागला होता. मोठं जेट टाकून अजून एक फेरी मारली असती, तर पिस्टनला भोक पडलं असतं.

“मग मीटर खोटं बोलतंय का?” भाऊ हळूच म्हणाला.

“खोटं नाही बोलत. ते चौघांचं मिळून बोलतंय. प्लग ज्याचं त्याचं बोलतो.”

मित्रांनो, हे वाक्य नीट समजून घ्या. तो महागडा मीटर ज्या सेन्सरवर चालतो, तो चारही सिलिंडरच्या नळ्या जिथं एकत्र येतात तिथं बसवलेला होता. म्हणजे त्याच्यापाशी पोचतो तो चौघांचा मिसळलेला धूर. आता असं धरा, की तीन सिलिंडरमध्ये आकडा ११.३ आहे आणि तिसऱ्यात १३.४. बेरीज करा. ११.३ गुणिले ३, म्हणजे ३३.९. त्यात १३.४ मिळवा, ४७.३. भागिले ४. उत्तर ११.८! काटा अगदी हवा तिथं. तिघांकडचं जास्तीचं पेट्रोल आणि एकाची उपासमार, दोन्ही त्या आकड्यात झाकली गेली.

शर्यत गेली. तासाचं भाडं गेलं, फीसुद्धा गेली. गाडी पुन्हा टेम्पोवर चढली. परतीच्या वाटेवर भिगवणपर्यंत बाप-लेक एक शब्द बोलले नाहीत. दोघांच्या मध्ये मी बसले होते, म्हणून मला ते जास्तच जाणवलं. इंदापूरला चहाला थांबलो. मामांनी स्वतः जाऊन तीन कप आणले आणि एक मुकाट्यानं भावापुढं ठेवला. भावानं चहा संपवला आणि विचारलं, “अण्णा, तो तिसरा प्लग कुठं ठेवलाय?” मामांनी शर्टाच्या वरच्या खिशातून तो काढून दिला. कागदात नीट गुंडाळलेला, वर पेन्सिलीनं ‘३’ लिहिलेलं.

सोलापुरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी इंजेक्टर तपासायला नेले. इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणारी छोटी तोटी, प्रत्येक सिलिंडरला एक. तपासायच्या यंत्रात चार काचेच्या नळ्या शेजारी शेजारी असतात. चारही इंजेक्टर एकाच वेळी, सारखाच वेळ चालवायचे आणि कुठं किती भरतं ते पाहायचं. तीन नळ्या सारख्या भरल्या. तिसरी बोटभर खाली राहिली. आत कचरा बसून भोक अरुंद झालं होतं. रोजच्या चालण्यात ते कळण्यासारखं नव्हतं, पण पूर्ण ताकदीची मागणी आली की तिसरा कमी पडायचा. भाऊ त्या नळ्यांकडं बराच वेळ बघत राहिला.

आता त्यांच्या गॅरेजमध्ये एक फुलस्केप वही आहे. डाव्या पानावर भाऊ आकडे लिहितो. बाटलीचा दाब, पेट्रोलचा दाब, हवेचं प्रमाण, त्या दिवसाचं तापमान. उजव्या पानावर मामा पेन्सिलीनं चार प्लगांची चित्रं काढून रंग आणि ठिपके टिपतात. दोन्ही पानं जुळली, तरच पुढचं जेट. जुळली नाहीत, तर गाडी जिथं आहे तिथंच थांबते, मग शर्यत उद्यावर असली तरी! इंजेक्टर साफ केल्यावर पुन्हा पुण्याला जाऊन आले, तेव्हा उजव्या पानावरचे चारही प्लग सारखे होते. भावानं ते पान मला मुद्दाम फोटो काढून पाठवलं.

मला या गोष्टीचं विशेष का वाटतं, सांगू? आम्हा शिक्षकांनाही एक काटा दिलेला असतो. वर्गाची सरासरी! चाचणी झाली की बेरीज करायची, पटसंख्येनं भागायचं आणि आकडा लिहायचा. ७२ आला की सगळे खूश. तो आकडा खोटा नसतो आणि उपयोगाचाही असतो. गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गाची सरासरी चांगली होती. पण एका मुलीच्या वहीत फळ्यावरून उतरवलेली गणितं चुकत होती, आणि पुस्तकातून उतरवलेली मात्र सगळी बरोबर. मी तिला मागच्या बाकावरून पुढं आणलं, तर फळ्यावरचीही बरोबर यायला लागली. तिच्या आई-बाबांना बोलावून डोळे तपासायला सांगितलं. आता तिला चष्मा आहे आणि ती स्वतः होऊन मागच्या बाकावर जाऊन बसते, मैत्रिणीशेजारी! चाळीस जणांच्या सरासरीनं तिची गोष्ट मला कधीच सांगितली नसती. तिच्या वहीनं सांगितली.

तेव्हा बालमित्रांनो, गाडी गॅरेजला नेतील तेव्हा तुम्हीही सोबत जा. गरम इंजिनाला हात लावायचा नाही आणि प्लग स्वतः काढायचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. मिस्त्रीकाकांना सांगा, “काका, जुना प्लग मला जरा दाखवाल का?” ते हसतील, पण नक्की दाखवतील. रंग बघा, कडा बघा, जमलं तर भिंग घेऊन जा. तो बदामी आहे की काळा, ओला आहे की पांढरा, ते घरी येऊन वहीत लिहून ठेवा आणि खाली तारीख घाला. पुढच्या वेळी पुन्हा लिहा. दोन प्लगांत फरक दिसला, की त्याचं कारण मिस्त्रीकाकांनाच विचारा. आणि दिसलं ते आधी लिहायचं, घासायचं नंतर, बरं का!